पफिन पाहायला जाताना : आठवडा, ठिकाण, बोट आणि बेटावरचे दोन तास

पफिन हा रंगीत चोचीचा समुद्रपक्षी पाहण्यासाठी म्हणून मोठा खर्च करून गेलेली अनेक माणसे पफिन न पाहताच परत येतात, आणि बहुतेक वेळा त्यामागे दुर्दैव नसते. तयारीचा क्रम चुकलेला असतो. आधी विमानाची तिकिटे काढली जातात, मग मुक्काम ठरतो, मग त्या मुक्कामाच्या आसपास पफिन कुठे दिसतात याची शोधाशोध सुरू होते आणि बोटीचे आरक्षण अगदी शेवटी, उरलेल्या एखाद्या दिवसासाठी केले जाते. हा क्रम नेमका उलटा हवा. आधी आठवडा, मग ठिकाण, मग बोट, मग त्या बोटीच्या मागेपुढे एक-दोन राखीव दिवस आणि सर्वांत शेवटी विमान. पफिन हा मुळात समुद्रावर राहणारा पक्षी आहे. वर्षातले जवळजवळ आठ महिने तो किनाऱ्यापासून दूर खुल्या पाण्यात असतो आणि एकच अंडे घालून एकच पिल्लू वाढवण्यापुरता जमिनीवर येतो. त्याच्या या वेळापत्रकात आपल्याला बसायचे आहे.

हा लेख अटलांटिक पफिनविषयी आहे. शिंगाळा आणि तुरेवाला असे आणखी दोन पफिन उत्तर पॅसिफिकमध्ये, उदाहरणार्थ अलास्काच्या किनाऱ्यावर, दिसतात. त्यांच्यासाठी ठिकाणे वेगळी असली तरी तयारीचा क्रम हाच ठेवावा.

टप्पा १ : आठवडा ठरवा

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये पफिन मार्चअखेर ते एप्रिलमध्ये येऊ लागतात आणि जुलै संपता संपता निघून जातात. एप्रिलच्या सुरुवातीचे दिवस फसवे असतात. आज बेटाभोवतीच्या पाण्यावर हजारो पक्षी तरंगताना दिसतात आणि उद्या एकही नसतो, कारण अंडे घालण्यापूर्वी ते जमिनीशी बांधलेले नसतात. मे महिन्यात अंडे उबवणे चालू असते. त्यासाठी सुमारे सहा आठवडे लागतात आणि त्या काळात जोडीतला एक जण बहुधा बिळात असतो, त्यामुळे पक्षी भरपूर असूनही बाहेर दिसणारी संख्या कमी वाटू शकते. जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतचा महिना माझ्या मते सर्वांत भरवशाचा. पिल्ले बिळात असतात, आईबाप दिवसभर चोचीत मासे घेऊन ये-जा करतात आणि अजून वीण न सुरू केलेले दोन-तीन वर्षांचे तरुण पक्षीही जागा पाहायला वसाहतीत उतरतात. चोचीत आडवे लटकणारे चंदेरी मासे घेतलेला पफिन ज्यांना पाहायचा आहे, त्यांनी याच महिन्यात जावे.

आइसलँडमध्ये हंगाम थोडा पुढे सरकतो. तिथे एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत पफिन दिसतात आणि जगातील अटलांटिक पफिनांपैकी सुमारे ६० टक्के पक्षी तिथेच वीण करतात. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये ते साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत असतात.

मी स्वतः पहिल्यांदा स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर गेलो तो ऑगस्टचा पहिला आठवडा होता. बेट हिरवेगार होते, ऊन होते, समुद्र शांत होता, आणि उतारावर शेकडो बिळांची रिकामी तोंडे उघडी पडली होती. त्यांच्या उंबऱ्यावरची वाळलेली विष्ठा आणि एखादे पीस एवढीच खूण उरली होती. आठ दिवस आधी गेलो असतो तर चित्र वेगळे असते. पफिन हळूहळू कमी होत जात नाहीत, काही दिवसांत वसाहत जवळजवळ रिकामी होते. म्हणून ब्रिटनसाठी २० जुलैनंतरची तारीख धरू नये.

*इशारा :* छायाचित्रात दिसणारी रंगीत चोच वर्षभर नसते. वीण संपल्यावर चोचीवरचे रंगीत कवच गळून पडते, चेहरा करडा होतो आणि पक्षी समुद्रावर असतो. हिवाळी सहलीत पफिन दाखवण्याचे आश्वासन कोणी दिले तर तिथेच थांबावे.

टप्पा २ : ठिकाण निवडा, नावावरून नव्हे

नावावर विसंबून फसलेल्यांची संख्या बरीच आहे. वेल्समधील अँगलसी बेटाजवळ पफिन आयलंड नावाचे बेट आहे, पण तिथे आता मोजकेच पफिन उरले आहेत. आयर्लंडच्या केरी किनाऱ्यावरच्या त्याच नावाच्या बेटावर पफिन भरपूर आहेत, मात्र तिथे उतरता येत नाही. आइसलँडमध्ये बोर्गार्फ्योर्दुर नावाची दोन ठिकाणे आहेत. त्यांतले एक पश्चिमेला राजधानीपासून फार लांब नसलेले, तर पफिन असलेले बोर्गार्फ्योर्दुर एस्त्री पूर्व टोकाला आहे. मुक्कामाचे आरक्षण करताना ‘एस्त्री’ हा शब्द राहून गेला, तर माणूस देशाच्या चुकीच्या बाजूला पोहोचतो.

ठिकाण ठरवताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : तिथे बोटीने जावे लागते का, उतरता येते का, आणि उतरल्यावर माझ्या पायांना चालवेल का?

बोट लागण्याचा त्रास असलेल्यांनी किंवा लहान मुले सोबत असलेल्यांनी रस्त्याने पोहोचता येणारी ठिकाणे निवडावीत. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांमधील सम्बर्ग हेड येथे दीपगृहाकडे जाणाऱ्या वाटेच्या दगडी कुंपणापलीकडे पफिनांची बिळे आहेत आणि विमानतळही जवळच आहे. बोर्गार्फ्योर्दुर एस्त्री येथे हाफ्नारहोल्मी नावाच्या टेकाडावर लाकडी जिने आणि मचाण बांधले आहे. मोटारीतून उतरून काही मिनिटांत पक्षी हाताच्या अंतरावर दिसतात. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी याहून सोपी जागा नाही. न्यूफाउंडलंडमधील एलिस्टन येथे समोरच्या खडकावरची वसाहत अरुंद फटीपलीकडून पाहता येते, आणि धीराने बसून राहिले तर काही पक्षी आपल्या बाजूलाही उतरतात.

बोटीने जायचे असेल तर वेल्समधील स्कोमर, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील फार्न बेटे, स्कॉटलंडच्या पूर्वेला आयल ऑफ मे आणि पश्चिमेला मल बेटाजवळचे लुंगा ही जाणत्यांची ठिकाणे आहेत. लुंगावर पफिन माणसांच्या अगदी जवळ बसतात, पण उतरताना तरंगत्या धक्क्यावरून शेवाळलेल्या मोठ्या गोट्यांवर पाय ठेवत चढावे लागते; गुडघे दुखणाऱ्यांनी याचा आधीच विचार करावा. आयर्लंडमधील स्केलिग मायकल बेट विलक्षण आहे, मात्र तिथे सुमारे सहाशे प्राचीन दगडी पायऱ्या आहेत, बहुतेक ठिकाणी कठडा नाही, आणि उतरण्याचा हंगाम मेच्या मध्यानंतर सुरू होतो. उंचीची भीती असणाऱ्याने तिथे पफिनसाठी जाऊ नये.

आइसलँडच्या पश्चिम टोकावरील लात्राब्यार्ग हा सुमारे १४ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी ४०० मीटरहून उंच कडा आहे. पफिन कड्याच्या अगदी काठावरच्या गवतात बिळे करतात. म्हणजे आपण ज्या मातीवर उभे राहतो ती आतून पोखरलेली असते. तिथे काठाजवळ उभे राहू नये. पोटावर आडवे होऊन, खुणेच्या रेषेच्या आत राहून पाहावे.

*तपासणी :* ठिकाण आणि आठवडा एकमेकांशी जुळतात का, हे आत्ताच पाहावे. जुळत नसतील तर ठिकाण बदलावे, आठवडा ओढूनताणून लांबवू नये.

टप्पा ३ : बोटीचे तिकीट नीट वाचून काढा

सर्वांत महागात पडणारी चूक या टप्प्यावर होते. ‘पफिन सहल’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे बेटावर उतरून काही तास थांबणे, आणि दुसरी म्हणजे बोटीतूनच बेटाला फेरी मारून परत येणे. रेक्याविकहून अकुरे आणि लुंडे या बेटांकडे जाणाऱ्या बोटी उतरवत नाहीत. स्कोमर आणि स्केलिग येथे दोन्ही प्रकार उपलब्ध असतात. फेरीही वाईट नाही, पण हलत्या बोटीतून पफिन लहान ठिपक्यासारखा दिसतो. हा पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत फार तर ३० सेंटिमीटर, म्हणजे कबुतराहूनही थोडा आखूड असतो, आणि छायाचित्रे पाहून पेंग्विनएवढ्या पक्ष्याची कल्पना करून आलेल्यांचा तिथे विरस होतो.

तिकीट काढण्यापूर्वी चार गोष्टींची खातरजमा करावी. पहिली, उतरणे समाविष्ट आहे का आणि बेटावर प्रत्यक्ष किती वेळ मिळतो. दुसरी, बेटावर उतरण्याचे शुल्क वेगळे भरायचे आहे का. फार्न बेटांवर बोटीचे भाडे वेगळे आणि बेटाची देखभाल करणाऱ्या नॅशनल ट्रस्टचे शुल्क वेगळे असते, तर फेरो द्वीपसमूहातील मिकिनेस येथे चालण्याचे शुल्क निराळे असते. तिसरी, सुटण्याची वेळ कशी ठरते. आयल ऑफ मेसाठी अँस्ट्रदरहून सुटणाऱ्या बोटींच्या वेळा भरती-ओहोटीनुसार रोज बदलतात. चौथी, हवामानामुळे बोट रद्द झाली तर पैसे परत मिळतात की दुसरी तारीख मिळते.

उतरणाऱ्यांच्या संख्येवर बहुतेक ठिकाणी मर्यादा असते. स्केलिग मायकलवर ती दिवसाला १८० आहे. म्हणून जून-जुलैची तिकिटे विक्री सुरू होताच काढावीत. अमेरिकेच्या मेन राज्यातून माशायस सील बेटावर जाणाऱ्या, लाकडी खोपटांत बसून पफिन दाखवणाऱ्या सहलींच्या जागा तर हंगामाच्या कितीतरी आधी संपतात.

टप्पा ४ : राखीव दिवस ठेवा, मग विमान

बोट सुटेल की नाही हे पावसावर फारसे अवलंबून नसते. ते वारा आणि लाटा ठरवतात. स्वच्छ ऊन पडलेले असतानाही बोट रद्द होते आणि लोक धक्क्यावर वाद घालत उभे राहतात. प्रत्येक उतरण्याच्या जागेला तिचा एक नावडता वारा असतो. स्कोमरचा धक्का उत्तरेला तोंड करून असल्याने उत्तरेचा जोर असला की तिथे उतरता येत नाही, मग बाकी समुद्र कितीही शांत असो. आपल्या ठिकाणाचा नावडता वारा कोणता, हे बोटवाल्याला आधीच विचारून ठेवावे आणि निघण्याच्या दोन दिवस आधीपासून हवामानाच्या अंदाजात पावसाऐवजी वाऱ्याची दिशा पाहावी.

एका बेटासाठी त्या गावात किमान तीन रात्री ठेवाव्यात आणि बोटीचे आरक्षण पहिल्या दिवसाचे करावे. ती बोट रद्द झाली तर पुढचे दोन दिवस हाताशी राहतात. शेवटच्या दिवसाचे आरक्षण करणाऱ्याकडे काहीच उरत नाही. शक्य असेल तर जवळच्या रस्त्याने जाता येणाऱ्या एखाद्या कड्याची माहितीही काढून ठेवावी.

व्हिसाबाबत दोन गोष्टी नेहमी निसटतात. फेरो द्वीपसमूह डेन्मार्कच्या राज्यात असला तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, त्यामुळे डेन्मार्कच्या व्हिसावर फेरोसाठी वैध असल्याची स्वतंत्र नोंद असावी लागते. आयर्लंड आणि ब्रिटन हे व्हिसाच्या दृष्टीने दोन वेगळे देश आहेत. एकाच सहलीत स्कोमर आणि स्केलिग दोन्ही घ्यायचे असतील तर दोन्हींची सोय आधी पाहावी.

विमानाचे तिकीट या सगळ्यानंतर काढावे.

टप्पा ५ : सामान आणि बुटांचे तळवे

जूनमध्येही उघड्या बोटीवर बोचरी थंडी असते. एकच जाड कोट घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर, त्यावर वारा आणि पाणी अडवणारे जाकीट आणि पँट घ्यावी. छत्री निरुपयोगी ठरते. बुटांच्या तळव्यांना चांगली पकड हवी. टोपी हवीच, आणि फार्न बेटांवर ती जाड असावी, कारण तिथे वाटेलगत घरटी केलेले आर्क्टिक सुरय डोक्यावर चोच मारतात आणि रक्तही काढतात. बोट लागत असेल तर गोळी बोटीत चढल्यावर नव्हे, निघण्यापूर्वी पुरेशा आधी घ्यावी. दुर्बीण आठ पट क्षमतेची पुरे. त्याहून जास्त क्षमतेची दुर्बीण हलत्या बोटीत स्थिर राहत नाही. अनेक बेटांवर स्वच्छतागृह किंवा खाण्यापिण्याचे दुकान नसते, त्यामुळे पाणी आणि खाणे सोबत ठेवावे.

आता एक काम, जे बहुतेक जण टाळतात. निघण्याच्या आदल्या रात्री बुटांच्या खाचांतली माती आणि बिया ब्रशने काढाव्यात, पिशव्या रिकाम्या करून झटकाव्यात आणि खाद्यपदार्थ बंद डब्यात ठेवावेत. बिळात घरटे करणाऱ्या पक्ष्यांना उंदीर-घुशींपासून बचाव नाही. बोटीतून आलेली घुशींची एक जोडीही वसाहत संपवू शकते. इंग्लंडच्या लुंडी बेटावरच्या घुशींचा पूर्ण नायनाट केल्यानंतर, २००६ मध्ये बेट घूसमुक्त जाहीर झाल्यावर, तिथे पफिन पुन्हा वाढले. याचा अर्थ इतक्या साध्या गोष्टीवर त्यांचे जगणे अवलंबून आहे. अलीकडच्या बर्ड फ्लूच्या साथीमुळे काही बेटांवर उतरताना बूट जंतुनाशकात बुडवावे लागतात. मेलेला पक्षी दिसला तर त्याला हात लावू नये, तिथल्या रक्षकाला सांगावे.

टप्पा ६ : बेटावर

उतरल्यावर लोक पहिला पफिन दिसताच थांबतात आणि तिथेच गर्दी होते. तसे न करता आधी रक्षकाची सूचना पूर्ण ऐकावी, परतीच्या बोटीची वेळ पाठ करावी, मग ठरवलेल्या वाटेने वसाहतीच्या दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश जावे आणि येताना जागा निवडून बसावे.

वाट कधीही सोडू नये. पफिनाचे बीळ साधारण मीटरभर लांब असते आणि जमिनीच्या थोडेच खाली, आडवे जाते. वरून घट्ट दिसणारे गवत पाय पडताच खचते आणि आतले अंडे किंवा पिल्लू गाडले जाते. शांत बसले तर जमिनीखालून एक खोल, लांबवलेली गुरगुर ऐकू येते. तो बिळातल्या पफिनाचा आवाज असतो, आणि तो एकदा ऐकला की वाटेबाहेर पाऊल टाकण्याची इच्छा उरत नाही.

बसण्याची जागा निवडताना बिळाचे तोंड आणि समुद्र यांच्यामध्ये आपण येणार नाही, हे पाहावे. मासे घेऊन आलेल्या पक्ष्याला सरळ बिळात शिरायचे असते, कारण बाहेर रेंगाळला तर कुरव पक्षी त्याचे मासे हिसकावतात. पुढचे दृश्य नीट ओळखायला शिकावे. चोचीत मासे असलेला पफिन समुद्रावरून येतो, पाय खाली सोडतो, पण उतरत नाही. वळून पुन्हा फेरी मारतो, पुन्हा येतो, पुन्हा वळतो. तो हौस म्हणून घिरट्या घालत नाही. आपण त्याच्या दारात बसलो आहोत, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी लगेच उठून दहा-पंधरा पावले बाजूला व्हावे. बहुतेक वेळा पुढच्याच फेरीत तो उतरतो, पंख मिटण्याआधीच धावत सुटतो आणि नारिंगी पाय दिसता दिसता बिळात नाहीसा होतो. हे सगळे दोन सेकंदांत घडते. जिथे तो नाहीसा झाला ती जागा लक्षात ठेवली तर थोड्या वेळाने तिथूनच तो रिकाम्या चोचीने बाहेर येताना दिसतो, दारात थांबून इकडेतिकडे पाहतो आणि उडतो.

*तपासणी :* जवळचा पक्षी मान ताठ करून, हालचाल थांबवून तुमच्याकडे पाहत असेल तर तुम्ही फार जवळ आहात. मागे सरकावे. तोच आपणहून चालत जवळ आला तर मात्र हलू नये. हात पुढे करू नये, खायला तर काहीही देऊ नये.

मासे आणणाऱ्यांपलीकडेही पाहण्यासारखे बरेच असते. दोन पक्षी चोचीवर चोच बाजूने आपटत राहतात तेव्हा ती जोडी असते आणि शेजारचे पक्षी ते पाहायला धावत येतात. मान खाली घालून, अंग चोरून भरभर चालणारा पफिन दुसऱ्याच्या अंगणातून जात असतो आणि भांडायला आलेलो नाही, असे सांगत असतो. छाती काढून, पाय उचलून आपटत उभा असलेला पक्षी स्वतःच्या बिळाची राखण करत असतो.

वेळेबाबत एक गोष्ट : दुपारी बरेच पफिन समुद्रावर असतात. सकाळी लवकर आणि विशेषतः संध्याकाळी ते मोठ्या संख्येने परततात. रस्त्याने जाता येणाऱ्या ठिकाणी संध्याकाळ निवडावी. आइसलँडमध्ये जूनमध्ये रात्री उशिरापर्यंत उजेड असल्याने ते सहज जमते.

टप्पा ७ : छायाचित्रे

बसल्यावर पहिली पंधरा मिनिटे कॅमेरा बाहेर काढू नये. पक्षी कोणत्या वाटेने येतात, कुठे उतरतात, हे त्या पंधरा मिनिटांत कळते आणि नंतरची सगळी छायाचित्रे सुधारतात. स्कोमर किंवा लुंगासारख्या ठिकाणी २०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स पुरेशी आहे. उडता पफिन टिपण्यासाठी शटरचा वेग सेकंदाचा दोन हजारावा भाग किंवा त्याहून जलद ठेवावा, कारण तो मिनिटाला ४०० पर्यंत वेळा पंख मारतो. काळी पाठ आणि पांढरी छाती यांमुळे कॅमेरा गोंधळतो आणि छातीवरची पिसे पांढरीफटक होतात. उजेडाचे मोजमाप थोडे कमी करावे. ढगाळ दिवस यासाठी उन्हापेक्षा चांगला. फ्लॅश वापरू नये, ड्रोन तर आणूच नये. पोटावर आडवे झाल्याने छायाचित्र चांगले येते, पण ते वाटेवरच व्हावे, गवतात नव्हे.

टप्पा ८ : परतीची बोट

धक्क्यावर वेळेच्या दहा मिनिटे आधी पोहोचावे, कारण शेवटची बोट चुकली तर दुसरी सोय नसते. बोटीत बेटाच्या बाजूला बसावे. पाण्यावर तरंगणारे पक्ष्यांचे थवे याच वेळी जवळून दिसतात, आणि सोबत गिलमॉट व रेझरबिल हे त्यांच्याच कुळातले काळे-पांढरे समुद्रपक्षीही असल्याने गोंधळ होतो. उडणाऱ्या पक्ष्याच्या पंखाची मागची कड पाहावी. तिथे पांढरी रेघ असेल तर तो गिलमॉट किंवा रेझरबिल. रेघ नसेल, शरीर आखूड आणि गुबगुबीत असेल, मागे नारिंगी पाय पसरलेले असतील, तर तो पफिन.